आबाकाकांचे पाय, माझा डोळा

देवगड तालुक्यात एका तिठ्यावर माझं मेडिकल आहे. डी.फार्म. झाल्यावर लग्न होऊन इथे आले आणि सासऱ्यांच्या किराणा दुकानाचा अर्धा भाग अडवून औषधं विकायला लागले. हातापायांना मुंग्या येतात म्हणत कोणी आलं की हात आपोआप बी-ट्वेल्व्हच्या खोक्याकडे जातो. निम्म्या लोकांना बरं वाटतं. उरलेले पुन्हा येत नाहीत, म्हणजे त्यांनाही वाटत असावं, असा माझा हिशोब.

२०१९ साली धाकटा चार महिन्यांचा असताना माझ्याच पायांना मुंग्या आल्या. पावलांपासून सुरू होऊन कंबरेपर्यंत चढल्या आणि तिथे थांबल्या. परकराची नाडी कोणीतरी करकचून बांधलीय आणि सोडतच नाही, अशी कंबर आवळलेली. नाडी सैल केली, परकर बदलला, काही फरक नाही. आंघोळीचं पाणी उजव्या पायाला गरम लागायचं आणि डाव्याला नुसतं ओलं. बाळंतपणाचं अशक्तपण म्हणून मी खोक्यातली पट्टी घेतली. तीन आठवड्यांत सगळं गेलं. श्रेय अर्थातच बी-ट्वेल्व्हला. पुढची तीन वर्षं मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत होते, "माझं स्वतःचं गेलं ना!"

२०२२च्या एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या हंगामात, डावा डोळा दुखायला लागला. समोर बघताना नाही. वरच्या फळीवरचं औषध बघायला बुबुळ फिरवलं की आत, मागच्या बाजूला, ठणका. दुसऱ्या दिवशी नजरेच्या मध्यावर तेलकट बोट फिरवल्यासारखा धूसरपणा आला. घरात पेट्या भरणं चाललेलं, गडी दहा माणसं, कोण लक्ष देतंय. मी दुकानातलेच थेंब घातले, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले. दुसरं कोणी चिठ्ठीशिवाय मागितले असते तर दिले नसते. चौथ्या दिवशी एका गोळीची लाल पट्टी हातात घेतली तर ती विटकरी दिसली. उजव्या डोळ्याने लाल, डाव्याने विटकरी. तेव्हा मात्र घाबरले. औषधाचा रंग ओळखण्यावर ज्याचं पोट आहे त्याला हे भलतंच वर्मी लागतं.

कणकवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर, पुन्हा या डोळ्यावर, अशी चार-पाच वेळा फिरवली. उजव्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या लहान व्हायच्या, डाव्यावर आणला की उलट मोठ्या व्हायच्या. मग थेंब घालून पडदा बघितला. "आत सगळं छान दिसतंय," ते म्हणाले, "आणि नेमकी तीच काळजीची गोष्ट आहे. डोळा बरा आहे. डोळ्यामागची नस सुजली आहे." आधी कधी हातपाय बधिर झाले होते का, असं त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं; ती गोष्ट माझ्या लेखी बी-ट्वेल्व्हने मिटलेली होती. आठवलं ते फोंडा घाट चढताना, दाजीपूरच्या आसपास, कोल्हापूरला न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना. गाडी थांबवून ओकले. घाट की भीती, ठाऊक नाही.

एमआरआयची नळी आणि तिचे ते ठोके यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. मेंदू आणि पूर्ण मणका, मध्ये हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम, म्हणजे फिल्मवर डाग उजळवणारं औषध. फिल्म लावल्यावर डॉक्टरांनी दाखवलं : मेंदूच्या मधल्या पोकळ्यांना काटकोनात चिकटलेले लांबट पांढरे ठिपके, आणि पाठीच्या मज्जारज्जूत एक. त्यातले दोन औषध टोचल्यावर उजळले होते, बाकीचे नाही. जिथे सूज ताजी असते तिथे रक्तवाहिन्यांची भिंत गळकी होते आणि औषध आत झिरपतं, जुन्या डागात झिरपत नाही. नवऱ्याला लगेच कळलं. चीक ओघळलेला ताजा डाग आणि सुकून काळा पडलेला जुना डाग यांतला फरक आंबेवाल्याला सांगावा लागत नाही. "म्हणजे मणक्यातला जुना," तो म्हणाला, "तो धाकट्याच्या वेळचा." डॉक्टरांनी मान डोलावली. निदानाचे मॅकडोनाल्ड निकष म्हणून आहेत, त्यांचा गाभाच तेव्हा हा होता : डाग वेगवेगळ्या जागी हवेत आणि वेगवेगळ्या वेळचे हवेत. माझ्याकडे दोन्ही हजर होतं.

तरी त्यांनी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं. सुईपेक्षा नंतरची डोकेदुखी वाईट. दोन दिवस उठून बसलं की कवटी रिकामी झाल्यासारखी वाटायची, आडवं झालं की बरी. त्या पाण्यात अँटिबॉडींचे पट्टे मिळाले, जे रक्तात नव्हते. म्हणजे मेंदूच्या आवारातच कोणीतरी ठाण मांडून ते तयार करत होतं. रक्तातल्या आणखी दोन तपासण्या बाहेर पाठवल्या, एक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडींच्या. त्यांचे रिपोर्ट येईपर्यंत दोन आठवडे डॉक्टर मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा शब्द उच्चारायला तयार नव्हते; मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं वेष्टण ठिकठिकाणी खरवडलं जातं तो हा आजार. कारण तसाच दिसणारा एक दुसरा आजार आहे, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, तो आपल्याकडे चुकवून चालत नाही, आणि एमएसची काही औषधं त्याला उलट भडकवतात. २००४ साली त्या आजाराची नेमकी अँटिबॉडी सापडली आणि तो एमएसपासून कायमचा वेगळा काढता आला. माझ्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या. निगेटिव्ह आल्या म्हणून घरात पेढे आणले गेले. मी एकटीच ओळखून होते की हे पेढे कशाचे आहेत.

त्याआधीच मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची पाच सलाइनं झाली होती, रोज एक ग्रॅम. तोंडात पाच दिवस नाणं धरल्यासारखी चव, सोलकढी पितळेच्या भांड्यात विटल्यासारखी, रात्री झोप नाही. पहाटे तीनला मी दुकानाची मुदत संपलेल्या औषधांची यादी करत बसायचे. नजर आठवड्याभरात सुधारायला लागली. मी डॉक्टरांना म्हणाले, स्टेरॉइडने काम केलं. ते म्हणाले, "लवकर आणलं. शेवटी जेवढी यायची तेवढी ती बहुतेक तशीही आली असती." माझ्या बी-ट्वेल्व्हची गोष्ट मी तोवर त्यांना सांगितलेली होती, त्यामुळे हे वाक्य त्यांनी जरा हसत म्हटलं.

मे महिना आला आणि डोळा पुन्हा गेला. दुपारी चुलीपुढे उभी राहिले की डाव्या डोळ्यावर पडदा, पंख्याखाली पंधरा मिनिटं बसलं की साफ. दमट उकाड्यात तिठ्यापर्यंत चालत गेले तर पाय मेणाचे. सासूबाईंनी निगडीचा पाला घालून कढत पाण्याची आंघोळ सुरू केलेली, प्रेमाने. न्हाणीघरातून मी भिंत चाचपत बाहेर यायचे. मला वाटलं नवा झटका. फोनवर डॉक्टर म्हणाले, गार पाण्याने आंघोळ करा आणि उद्या सांगा. उटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९०मध्येच हे टिपून ठेवलंय. त्यामागचं कारण नंतर उलगडलं : ज्या मज्जातंतूचं वेष्टण खरवडलं गेलंय त्यातून संदेश कसाबसा जात असतो, अंग थोडं तापलं की तेवढाही जात नाही. नुकसान नवं नसतं. एमआरआय येण्याआधी म्हणे संशयित रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान पक्कं करत. सासूबाईंनी तीच तपासणी घरबसल्या केली होती. हे सांगितल्यावर त्या रडल्या, आणि दुसऱ्या दिवशीपासून माझ्यासाठी माठातलं पाणी न्हाणीत ठेवायला लागल्या.

रोगाचं नाव कळलं तसे त्याचे अर्थ लावणारे आले. "स्वतःची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते" हे वाक्य मीच पहिल्यांदा घरात बोलले, आणि त्याचा पश्चात्ताप अजून होतो. नणंदेने सांगितलं, तू सगळं मनात ठेवतेस, ते असं बाहेर पडलं. शेजारच्या काकूंना फवारणीच्या औषधाचा संशय. एक नातेवाईक मुंबईहून फोन करून म्हणाले, प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा घे. मी म्हटलं अहो, ती वाढलीय म्हणूनच तर... आणि फोन ठेवला. घरच्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला, तो उजवा आला. गाऱ्हाण्यात "होय म्हाराजा" म्हणताना माझाही आवाज होता. कौलाबद्दल मला काही तक्रार नाही. देवाने निदान माझ्या स्वभावाला दोष दिला नाही.

सासूबाई मात्र एक वेगळंच बोलल्या. "आबाचा झालेला, तसाच असतला ह्या."

आबाकाका म्हणजे माझे चुलतसासरे. डावा पाय ओढत चालतात. मी समजत होते पोलिओ. तर नाही. १९७८ साली, चोवीस वर्षांचे असताना, त्यांना कुत्रा चावला. तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यायची, रोज एक. आमच्या पिढीतल्यांनीसुद्धा त्या चौदाची धमकी ऐकलेली आहे. अकरावं झालं आणि सकाळी त्यांना उठता येईना. दोन्ही पाय गेले, लघवी अडली. लोक म्हणाले कुत्र्याचं विष चढलं. कोणी म्हणाले बाहेरचं. तीन-चार महिन्यांनी उजवा पाय पूर्ण आला, डावा आला तेवढाच. माझं त्यांचं रक्ताचं नातं नाही, त्यामुळे सासूबाईंचं बोलणं मी बाईमाणसाचं समजून सोडून दिलं. स्वतः बाई असून.

पुढच्या फेरीत सहज डॉक्टरांना सांगितलं. ते खुर्चीत पुढे सरकले. बाहेर रोगी ताटकळत असताना त्यांनी मला अर्धा तास दिला, आणि एमएसमधल्या त्या "उलटण्याच्या" कल्पनेचा उगम कुठला ते तेव्हा कळलं.

पाश्चरची १८८५ सालची रेबीजची लस सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. आपल्याकडे कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी १९११मध्ये जी लस केली, ती मेंढीच्या मेंदूपासून, फिनॉल घालून विषाणू मारलेली. स्वस्त, त्यामुळे देशभर गेली आणि २००५च्या सुमारापर्यंत सरकारी दवाखान्यांत टिकली. असंख्य जीव तिने वाचवले. पण तिच्यात विषाणूबरोबर मेंदूचा लगदाही असायचा, मज्जातंतूंवरचं चरबीचं वेष्टण, मायलिन, त्यासकट. परक्या मायलिनवर तयार झालेली फौज काही थोड्या लोकांत स्वतःच्या मायलिनवर चालून जायची. लकवा मारायचा. हे रेबीजच्या विषाणूमुळे की लसीतल्या मेंदूमुळे, हा वाद बरीच वर्षं चालला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी १९३३मध्ये तो प्रयोगात आणला : माकडांना विषाणू अजिबात नसलेला, निरोगी सशाचा मेंदू पुन्हा पुन्हा टोचला. काही माकडं लुळी पडली, आणि त्यांच्या मेंदूत वेष्टण गेलेले डाग सापडले, एमएसच्या डागांची आठवण करून देणारे. त्या दिवसापासून आजपर्यंत प्रयोगशाळेत एमएसचा अभ्यास बहुतांशी त्या लुळ्या जनावरांच्या वारसांवरच होत आलाय.

म्हणजे आबाकाका हे त्या माकडाच्या जागी होते. मी घरी येऊन हे कोणाला सांगितलं नाही, कारण मराठीत ते कसंही मांडलं तरी शिवीच वाटते.

(गैरसमज नको म्हणून दुकानदार या नात्याने : आताच्या रेबीजच्या लसीत मेंदूचा अंशही नसतो, ती पेशींवर वाढवतात आणि दंडात देतात. कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मिरची-चुना लावून माझ्याकडे येऊ नका.)

माझं पुढचं विचारणं साधं होतं. आबाकाकांना मेंढीचा मेंदू टोचला. मला कोणी काय टोचलं? डॉक्टर म्हणाले, "तिथेच तर गाडी अडते." न्यूरोमायलायटिसमध्ये चोराचं नाव-गाव सापडलं, ती एक्वापोरिनची अँटिबॉडी. एमएसमध्ये इतकी वर्षं शोधूनही सगळ्या रोग्यांत सापडेल असं एक लक्ष्य हाती लागलेलं नाही. काही संशोधकांना तर क्रमच उलटा वाटतो : आधी मायलिन घडवणाऱ्या पेशी आतून मरतात, आणि फौज मागाहून पडझड उपसायला येते. २००४मध्ये प्राइनस आणि बार्नेट यांनी अगदी ताज्या डागांत असंच पाहिलं : पेशी मेलेल्या, आणि हल्लेखोर अजून फारसे पोचलेले नाहीत. आजाराच्या उशिराच्या टप्प्यात, जेव्हा झटके न येता शक्ती हळूहळू ओसरत जाते, तेव्हा प्रतिकारशक्तीवरची औषधं फारशी चालत नाहीत, हेही त्यांच्या बाजूचं.

"पण औषधं चालतात ना?" मी विचारलं. मग त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, त्यात ते सगळं खोकं होतं, बी-ट्वेल्व्हचं.

मी गप्प बसले. मात्र हे तितकंसं सारखं नाही, हे मला घाट उतरताना सुचलं. मी एकटीने एक पट्टी घेतली आणि मला बरं वाटलं, याला काडीचा अर्थ नाही. इथे दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे. १९८७मध्ये एमएसच्या रोग्यांना गॅमा इंटरफेरॉन, म्हणजे प्रतिकारशक्तीला चिथावणारं द्रव्य, देऊन बघितलं तर झटके वाढले. फौजेला मेंदूच्या वेशीवर अडवणारं नॅटालिझुमॅब दिलं की झटके कमी होतात. चिथावलं की वाढतं, अडवलं की घटतं. आग कोणी लावली ते यातून कळत नाही, पण पंखा कोणाच्या हातात आहे ते कळतं. माझ्यापुरतं तेवढं पुरे होतं, आणि पुरे नव्हतंही.

मला सुरू केलं ते रिटुक्झिमॅब. मूळचं रक्ताच्या कर्करोगाचं औषध. एमएससाठी त्याच्या खोक्यावर परवानगी छापलेली नाही, पण भारतीय बनावटीचं मिळतं म्हणून आपल्याकडे पुष्कळ न्यूरॉलॉजिस्ट तेच देतात. आधी कावीळ बी, टीबी, एचआयव्ही, रक्तातल्या इम्युनोग्लोब्युलिनची पातळी, सगळं तपासलं. पहिल्या दिवशी सलाइन सुरू झाल्यावर तासाभरात घसा खाजला, कानामागे गांधी उठल्या. वेग कमी केला, पुन्हा सुरू. मग दोन आठवड्यांनी दुसरं, आणि नंतर दर सहा महिन्यांनी.

या औषधाने माझं डोकं खाल्लं, कारण ते सिद्धांताच्या जुन्या रूपात बसत नाही. कित्येक दशकं दोष प्रतिकारशक्तीतल्या थेट वार करणाऱ्या टी-पेशींच्या माथी होता. रिटुक्झिमॅब मारतं बी-पेशींना, ज्यांच्यापासून अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात. २००८मध्ये त्याची एमएसवरची चाचणी प्रसिद्ध झाली तेव्हा ताजे डाग इतके कमी झाले की भल्याभल्यांनी आपले धडे पुन्हा काढले. बरं, बी-पेशी म्हणजे अँटिबॉडी, म्हणून असं म्हणावं, तर तेही नाही : अँटिबॉडी बनवणाऱ्या पोक्त प्लाझ्मा पेशींवर हे औषध ज्या खुणेवर नेम धरतं ती खूणच नसते. त्या शाबूत राहतात. मणक्याच्या पाण्यातले पट्टेही बहुधा जसेच्या तसे राहतात. तरी झटके थांबतात. म्हणजे बी-पेशी स्वतः वार करत नसाव्यात. टी-पेशींना कान भरणाऱ्या त्या असाव्यात. वाडीत राहणाऱ्याला ही व्यवस्था चटकन पटते.

आणि या बी-पेशींतच एक विषाणू जन्मभर दबा धरून असतो, एपस्टाइन-बार. माझा डोळा गेला त्याच वर्षी, जानेवारीत, अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांतल्या ९५५ जणांना पुढे एमएस झाला. या विषाणूची लागण झाल्यावर धोका ३२ पट वाढलेला दिसला. दुसऱ्या गटाने त्याच वर्षी दाखवलं की त्या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या एका प्रथिनाशी इतका मिळताजुळता आहे की एकावर बनलेली अँटिबॉडी दुसऱ्यालाही चिकटते. माझ्या प्रश्नाला मिळालेलं हे आतापर्यंतचं सगळ्यात जवळचं उत्तर. मेंढीचा मेंदू नाही, पण मेंदूसारखा चेहरा असलेला पाहुणा. मात्र तो पाहुणा बहुतेक प्रत्येक प्रौढ माणसाच्या अंगात आहे, नवऱ्याच्या, सासूबाईंच्या, तुमच्याही. मग मलाच का, हे राहतंच. त्यावर जनुकं, ड जीवनसत्त्व, सिगारेट अशी यादी आहे. मी सिगारेट ओढत नाही आणि कोकणात ऊन कमी नाही. यादी मिटून ठेवली.

औषध सुरू झाल्यावर पावसाळा बदलला. मी लावणीला उतरत नाही. पायाला भेग असताना चिखलात गेलं की लेप्टो होतो हे इथलं पोरही सांगेल. बी-पेशी नसलेल्या बाईने ती हिंमत करू नये. दोडामार्गात माहेरची माणसं आहेत, तिकडे माकडतापाच्या दिवसांत जंगलाच्या कडेला जात नाही. ताप आला की थांबून बघायचं नाही. सहा महिन्यांतून एकदा घाट चढायचा. २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार आहेत त्यांत एमएस आहे, म्हणून दाखल्याला गेले होते, टेबलामागचा माणूस म्हणाला, "बाई, तुम्ही तर चालत आलात." त्या दिवशी पाऊस होता, हवा गार होती. मे महिन्यात बोलवा म्हटलं.

तीन वर्षांत नवा डाग नाही. लाल अजून डाव्या डोळ्याला किंचित विटकरी दिसतो. बी-ट्वेल्व्ह मी अजून विकते, पण आता विचारते, मुंग्या कुठपर्यंत चढल्यात, कंबर आवळते का. दोघांना कोल्हापूरला पाठवलं. एकाला साखर निघाली, एकाला काहीच नाही.

गेल्या गणपतीत आबाकाका माझ्या शेजारी पडवीत बसले होते. पाय लांब केलेला. शेवटी त्यांना सगळं सांगितलं, मेंढी, ससा, माकडं, कसौली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुझो नि माझो आजार एकच काय गो?"

म्हटलं, "एक नाही काका. चुलत."

ते हसले. बराच वेळ पायाकडे बघत होते.

"तो कुत्रो पिसाळलेलो नव्हतोच," ते म्हणाले. "आमच्याच वाडीतलो. मगे चार वर्षां जगलो. माझ्या ह्याच पायाकडे येवन निजायचो."